एकवीस दिवस पाणी मारलेली मोटार

२३ जुलै १९७८, रविवार

अकोल्याहून दुपारच्या गाडीने परत. सोबत खोका. खोक्यात दोनशे दहा प्लॅस्टिकच्या विटा: लाल, पांढऱ्या आणि थोड्या पिवळ्या. प्रत्येक विटेच्या डोक्यावर आठ बोंडं, खाली पोकळ. एकीवर एक दाबली की खट्कन बसते. दुकानदार म्हणाला, लहान मुलांसाठी आहे. मी हसलो. सतरा वर्षं बांधकाम खात्यात सुपरवायझर आहे, वीट पाहिली की मला कळतं ती कुणासाठी आहे.

यातून मोटार बांधणार. साधी नाही. स्टिअरिंग फिरणारं, दारं उघडणारी, ब्रेक लागणारा, मागे डिकी. पूर्ण तान्ह्या पोळ्याच्या आत. तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा खेळण्यातल्या बैलांचा पोळा, ३ सप्टेंबरला. बेचाळीस दिवस. खात्याने एवढ्या दिवसांत मोरीसुद्धा बांधलेली नाही, पण घरी साहेब नसतो, त्यामुळे काम झपाट्याने होईल.

कारण लिहून ठेवतो. गेल्या वर्षी गंगूचा मातीचा बैल तोरणाखाली पोचण्याआधीच फुटला. सगळी पोरं आपापले लाकडी बैल दोरीने ओढत रांगेत उभी, आणि ही नुसती दोरी हातात धरून. सहा वर्षांची पोर रडतसुद्धा नव्हती. घरी येऊन रडली. त्या दिवशी मी मनात ठरवलं की पुढच्या वर्षी माझी मुलगी रांगेत ताठ उभी राहील.

संकल्प: चिडायचं नाही. कुणाशी वाद नाही. रोज एक तास मोटार.

२४ जुलै, सोमवार

सासऱ्यांना पोस्टकार्ड लिहिलं. ते शिरपूरला सुतारकी करतात. दरवर्षी गावातल्या पोरांना बैल करून देतात आणि यंदा गंगूला सागवानी देणार म्हणून निरोप होता. स्पष्ट कळवलं: 'बैल करू नये. येथे मोटारीची व्यवस्था झाली आहे. जमाना बदलला.' शेवटचं वाक्य दोनदा वाचलं, चांगलं आहे.

कार्ड टाकायला बायकोकडे, भागिरथेकडे दिलं. तिने वाचलं. मला विचारलं की पोळा बैलांचा असते, मोटारीले कोन पुरनपोळी देते? मी म्हणालो, पेट्रोल देतात. ती कार्ड घेऊन आत गेली. पटलेलं दिसतं.

२७ जुलै, गुरुवार

कामाला सुरुवात. आधी पाया. खाली दोन थर, वर इंग्लिश बाँड, म्हणजे एक थर आडवा, एक उभा. ओळंबा लावून पाहिला. एक सूतही फरक नाही. असं काम वाशीमच्या एकाही सरकारी इमारतीत सापडणार नाही. त्यांतल्या चार माझ्याच देखरेखीखाली झाल्या आहेत.

खोक्यात चाकं नाहीत. खोक्यावर चित्र बंगल्याचं आहे, हे आज लक्षात आलं. हरकत नाही. चाकांसकट मिळाली असती तर ती कुणीही केली असती.

३० जुलै, रविवार

चाकं झाली. दोऱ्याची रिकामी लाकडी रिळं, चार. ॲक्सल म्हणून भागिरथेच्या विणायच्या सुया. ती गेल्या थंडीपासून एकच स्वेटर विणते आहे, तिला घाई नाही.

स्टिअरिंग बसवलं आणि फिरलं. खरोखर फिरलं. मी, भागिरथा, गंगू तिघांनी फिरवून पाहिलं. डावीकडे फिरवलं की चाकं उजवीकडे जातात, एवढंच. गंगूला समजावलं की डावीकडे जायचं तर उजवीकडे फिरवायचं. तिने विचारलं, सगळ्याच मोटारीत असंच असते का? मी म्हणालो, चांगल्या मोटारीत.

३ ऑगस्ट, गुरुवार

स्प्रिंगा लागल्या. चार डॉट पेनं खोलली. आता गाडी दाबली की खाली जाते आणि परत वर येते. चांगल्या जीपच्या स्प्रिंगाही अशा चालत नाहीत. आज सगळ्या नोंदी दौतीने कराव्या लागल्या. साहेबांनी विचारलं, म्हणालो, जुनी पद्धत चांगली.

६ ऑगस्ट, रविवार

इंजिनाचा प्रश्न आज सुटला. घरातलं गजराचं घड्याळ गाडीच्या पोटात बसवलं. चावी मागच्या बाजूने बाहेर काढली, जुन्या मोटारीच्या हँडलसारखी. मोठ्या काट्याच्या दांड्यावरून रबर मागच्या रिळावर.

दुपारी तीन ते चार चाचणी घेतली. गाडी स्वतःच्या ताकदीवर चालली. तासाला चार इंच. भागिरथेने दोनदा विचारलं की ही उभी आहे का चालून राह्यली. मी खडूने रेघ मारून दाखवली.

हिशेब मांडला. घर ते मारुतीचा पार, जिथे तान्हा पोळा भरतो, तीनशे फूट. म्हणजे नऊशे तास. म्हणजे साडेसदतीस दिवस. ३ सप्टेंबरला संध्याकाळी पाच वाजता पोचायला गाडी २८ जुलैच्या पहाटे निघायला हवी होती. त्या दिवशी तिला चाकंच नव्हती. यंदा दोरीने ओढावी लागेल. इंजिन फक्त हॉर्नचं काम करेल, म्हणजे गजर.

गजर पाचचा लावलेला आहे. तो पहाटे पाचला वाजतो आणि संध्याकाळी पाचलाही. एकाच चावीत दोन हॉर्न.

९ ऑगस्ट, बुधवार

ऑफिसला पाऊण तास उशीर. घड्याळाचं तोंड गाडीच्या आत असल्यामुळे वेळ दिसत नाही, फक्त ऐकू येते. साहेबांना सांगितलं की घड्याळ दुरुस्तीला आहे. तांत्रिकदृष्ट्या खरं आहे.

११ ऑगस्ट, शुक्रवार

पोस्टकार्ड आलं, सासऱ्यांचं. एकच ओळ: 'पत्र पावले. दोन्ही मजकूर समजले. ग्यानबा.' दोन्ही म्हणजे बैल आणि मोटार असणार. समजूतदार माणूस आहे. सुतार असूनही यंत्रयुग ओळखलं.

संध्याकाळी ट्रायल. शेजारचा हेमसिंग मुद्दाम आला. तो खात्याच्या रोडरोलरवर ड्रायव्हर, त्यामुळे मोटारीतलं आपल्याला कळतं असा त्याचा समज. गंगूने दोरी धरली. बैठकीत गाडी सुंदर चालली. दारं उघडून-मिटून दाखवली, डिकीत दोन शेंगा ठेवल्या. मग उंबरठा आला.

उंबरठ्यावर गाडीचा पुढचा भाग अंगणात गेला आणि मागचा घरात राहिला. मधल्या विटा सगळीकडे. गंगू हातातल्या दोरीकडे पाहत उभी राहिली. तेच गेल्या वर्षीचं पाहणं. मला ते बघवलं नाही, मी खाली बसून विटा गोळा करत राहिलो.

हेमसिंग म्हणाला, भाऊ, विटा नीट दाबून बसवा, मंधात एक लांब पट्टी टाका, काई होत नाई. रोलर चालवणाऱ्याने बांधकामाबद्दल बोलू नये.

१२ ऑगस्ट, शनिवार

पहाटे पाचला गजर झाला आणि त्याच वेळी दोष सापडला. इतका सोपा की सतरा वर्षं खात्यात काढलेल्या माणसाला पंधरा दिवस दिसला नाही याचं आश्चर्य वाटतं.

या विटांच्या मधे माल नाही. सिमेंटच नाही! बोंडांवर भरोसा ठेवून वीटकाम करतात. बिनमालाचं वीटकाम उभं राहत नाही, हे आमच्याकडे विटा वाहणारी बाईसुद्धा सांगेल.

न्हाणीच्या कामातलं पाऊण पोतं सिमेंट उरलं होतं. वाळू चाळून घेतली. एकास तीन. थापी, लहान करणी, सगळं घरचं. दुपारपर्यंत थर न् थर जोडला. सांधे भरले. मग वाटलं, सांधे उघडे कशाला? बाहेरून गिलावा केला. मग आतूनही थोडा, घड्याळाच्या भोवती, हलू नये म्हणून.

चावी बाहेर ठेवलेली आहे. मी विसरणारा माणूस नाही.

भागिरथा दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली की तुमी खेळनं करून राह्यले का क्वार्टर? मी म्हणालो, दोन्हीचं तत्त्व एकच. आज मी फार आनंदात आहे.

१३ ऑगस्ट, रविवार

ओलं पोतं गुंडाळलं. पाणी मारायला सुरुवात. नियमाने एकवीस दिवस. कालपासून मोजले तर बरोबर २ सप्टेंबरला पूर्ण होतात, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. असा योग प्लॅनिंगशिवाय येत नाही.

संकल्प: सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी मारणार. एकदाही चुकणार नाही.

संध्याकाळी चुकलं. गंगूने मारलं.

१५ ऑगस्ट, मंगळवार

झेंडावंदन. येताना हेमसिंग घरी आला. पोतं उचलून बघितलं, परत टाकलं. मग विचारलं, भाऊ, याचे चाकं कुठी हायेत? मी दाखवली. तो म्हणाला, हे तर पाया-प्लिंथमंधी गेले. मी म्हणालो, पाणी मारून झाल्यावर मोकळी होतील. तो म्हणाला, सिमेंट मोकळं होते हे मले मालूम नव्हतं.

वाद घातला नाही. संकल्प पाळला.

गंगू गाडीच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवून बसली होती. विचारलं तर म्हणाली, गाडीले ताप आला ना. पाणी मारण्याचं महत्त्व तिला कळलेलं आहे, शब्द वेगळे.

२० ऑगस्ट, रविवार

पोतं सोडून तपासणी. स्टिअरिंग फिरत नाही. याचा फायदा असा की ते आता उलटही फिरत नाही. दारं उघडत नाहीत. प्रवासात दार उघडणं धोक्याचंच असतं. डिकीत त्या दिवशीच्या दोन शेंगा होत्या, त्या आता कायमच्या. ब्रेक मात्र उत्तम लागलेला आहे.

गजर वाजतो. पहाटे पाच, संध्याकाळी पाच, पोत्यातून. समोरच्या आजींना वाटतं आमच्याकडे गोगलगाय की काहीतरी अडकलं आहे. गोगलगाय ओरडत नाही असं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग काय वरडते?

२७ ऑगस्ट, रविवार

किराणा दुकानात वजन केलं. साडेनऊ किलो. दुकानदाराने गुळाची ढेप बाजूला काढून ठेवली आणि विचारलं, हे काय हाये? मी म्हणालो, मोटार. त्याने सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि मग गुळाची ढेप जास्त जवळ ओढून घेतली.

मजबुतीत शंका नाही. उंबरठ्यावर पुन्हा ट्रायल घेतली. यावेळी उंबरठ्याची कड गेली.

३१ ऑगस्ट, गुरुवार

छिन्नी-हातोडा घेऊन चाकं मोकळी करायला बसलो. पहिलं रीळ मोकळं झालं. दोन तुकड्यांत. बाकी तीन तशीच ठेवली. एकसारखेपणा गेला तर गेला.

दोरी बांधून ओढली. दोरी तुटली. दुहेरी बांधली. मग मीच पुढे सरकलो, गाडी जागेवर.

आज थोडं चिडलो. कुणावर ते ठरवता आलं नाही.

१ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेतून आल्यावर गंगूने विचारलं की बाबा, गाडी चालन का परवा? मी म्हणालो, गाडी पूर्णपणे तयार आहे. ती म्हणाली, तयार हाये, पन चालन का? मी म्हणालो, बघू.

तिने 'बरं' म्हटलं आणि खेळायला गेली. 'बरं' फार मोठ्या माणसासारखं म्हटलं.

मला आज वाईट वाटलं. लिहून ठेवतो, वाचणारं कुणी नाही. बैल नको असं कार्ड मीच लिहिलं. आता शिरपूरला कळवायला उशीर झाला. बाजारात जाऊन आलो. लाकडी बैल संपले होते. दोन उरले होते, त्यांतल्या एकाला शिंग नव्हतं आणि दुसरा विकलेला होता. शिंग नसलेला घ्यायला परत फिरलो, तोवर तोही गेला.

तिच्या हातात परत नुसती दोरी राहणार.

२ सप्टेंबर, शनिवार. पोळा.

पाणी मारण्याचे एकवीस दिवस पूर्ण. पोतं काढलं. काम चांगलं झालं आहे, एकही तडा नाही. बघायची इच्छा झाली नाही.

सकाळच्या एस.टी.ने सासरे आले. शिरपूरहून, न कळवता. काखेत गमछ्यात बांधलेलं काहीतरी. गंगूसमोर गमछा सोडला. सागवानी बैल, उंच वशिंड, चार चाकांच्या पाटावर. चाकं फिरतात. शेपटीला दोरा, तो ओढला की बैल मान हलवतो. शिंगांना पितळी टोपणं.

मी म्हणालो, मी तर कार्डात स्पष्ट लिहिलं होतं. ते म्हणाले, हो, पावलं ना. आणि कोटाच्या खिशातून माझंच कार्ड काढून दिलं. माझ्या 'जमाना बदलला'च्या खाली उरलेल्या जागेत भागिरथेचं अक्षर: 'बाबा, ह्यायचं काई आयकू नोका. बैल कराच.'

चोवीस जुलैला लिहिलेलं. म्हणजे मी पहिली वीट ठेवायच्या तीन दिवस आधी. मोटार पाहायच्याही आधी तिला माझ्याबद्दल एवढी खात्री असावी याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. मी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं.

नंतर सासऱ्यांनी मोटार पाहिली. हाताने चाचपली, सुतार चाचपतो तशी. म्हणाले, जावईबापू, काम पक्कं हाये. मग विचारलं, कशाचं हाये?

३ सप्टेंबर, रविवार. तान्हा पोळा. सायं. ७

सगळं लिहितो.

जायचं नाही असं ठरवलं होतं. गंगूजवळ बैल होता, सासरे होते, भागिरथा होती. माझं काम नव्हतं. अंगणात मोटारीजवळ बसलो होतो. साडेचारला गंगू परत आली, नवा फ्रॉक, हातात बैलाची दोरी. म्हणाली, चला बाबा, तुमी पन. गाडी पन घ्या. रांगेत तिला माझ्या मार्गदर्शनाची गरज असणार हे ओळखून निघालो.

गाडी ओढली जात नसल्यामुळे उचलून घेतली. तीनशे फूट. साडेनऊ किलो. वाटेत हेमसिंग भेटला, म्हणाला, भाऊ, द्या इकडं. मी दिली नाही.

पाराशी आंब्याच्या पानांचं तोरण. खाली पोरांची रांग, प्रत्येकाच्या पुढे बैल. मी गंगूच्या मागे उभा राहिलो. माझ्या पुढे सात वर्षांची, माझ्या मागे पाच वर्षांचा एक, तो माझ्या पायाला धरून पुढचं बघत होता. मी एकटाच पँट घातलेला.

बक्षीस द्यायला पंच म्हणून सोमला नाईक आले होते. एकेक बैल बघत रांगेतून येत होते. गंगूच्या बैलाने मान हलवली, ते खूश झाले. मग वर पाहिलं. नेमकी त्याच क्षणी मोटार वाजली. पाच.

माझ्या दोन्ही हातांत गाडी, बंद करता येईना. बंद करायचं बटण सिमेंटच्या आत. पूर्ण चावी दिलेली होती. सगळी रांग माझ्याकडे वळली, दोन पोरं आपले बैल टाकून पळाली. थांबेपर्यंत नाईक शांतपणे उभे राहिले, मी छातीशी गाडी धरून.

थांबल्यावर त्यांनी गंगूला विचारलं, बेटा, हे कोन?

गंगू म्हणाली, माहे बाबा हायेत. त्यायची मोटर चालत नाई. घरी एकटे बसले असते, म्हनून म्या संगं आनलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नाईकांनी मान डोलावली आणि गंगूचा हात धरून तिला पुढे नेलं. पहिलं बक्षीस, स्टीलचा पेला. भागिरथा लांबून बघत होती. सासरे माझ्याजवळ आले आणि गाडीची एक बाजू त्यांनी धरली.

मग बोजारा वाटला. रांगेतल्या प्रत्येक पोराला काहीतरी देतात, यंदा पेन्सिल होती. वाटणारा मुलगा रांगेतून देत आला, माझ्यापाशी थांबला, नाईकांकडे बघितलं. नाईक म्हणाले, रांगेत हाये ना, मंग दे.

डॉट पेनं मी मोटारीसाठी खोललेली आहेत, दौत रिकामी आहे. आजची नोंद त्याच पेन्सिलीने लिहिली. टोक मधेच एकदा मोडलं, गंगूने करून दिलं.